बॉल आणायला कोण जाणार?

(डोंबिवलीतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

नमस्कार. बोर्डावर विषय लिहिलाय, 'मुलं वाढवायला उपनगर बरं की गाव?' आणि त्याच्याखाली त्याच खडूने 'चपला बाहेर काढाव्यात'. दोन्हीवर मी बोलू शकतो. पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं या माईकने खाल्ली, तरी मी आधी शाळा, मग दवाखाना, मग खर्च असं नीट क्रमाने बोलणार आहे. फक्त त्याआधी बॉलची एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटं.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाच विंग आहेत, मधे गार्डन, आणि गार्डनमध्ये पाटी, 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. मुलांनी पार्किंगमध्ये खेळायचं नाही कारण गाड्या, पॅसेजमध्ये नाही कारण आवाज. मग पोरं काय करतात, वॉचमन जेवायला बसला की पंधरा मिनिटांत टी-ट्वेंटी उरकतात. एकदा आमच्या चिरंजीवांचा बॉल जप्त झाला. तेव्हा तो आठ वर्षांचा. मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो, म्हटलं द्या हो, लहान आहे. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज द्या. मला वाटलं गंमत करतायत, पण त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, 'विषय : बॉल परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून...' हसू नका, खरंच लिहिलं, खाली 'आपला विश्वासू' पण लिहिलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. आत अकरा बॉल, दोन शटल आणि एका पोराची डाव्या पायाची चप्पल. त्या चप्पलवाल्या पोराचे आईबाप अर्ज करायला आलेच नव्हते बहुतेक.

आणि मित्र घरी यायचा असेल तर गेटवरून फोनवर नोटिफिकेशन येतं, अलाऊ की डिनाय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या पहिलीतल्या पोराला अलाऊ करतोय! कुरिअर आणि मित्र एकाच यादीत. आम्ही चाळीत वाढलो तेव्हा बॉल समोरच्या काकूंच्या गॅलरीत जायचा, काकू आधी शिव्या घालायच्या मग बॉल टाकायच्या, कधी उलट क्रमाने. पण काकू घरात असायच्या, हा मुद्दा आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर या अर्जाचा मला इतका राग आला की २०२२ च्या जूनमध्ये बिऱ्हाड उचललं आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत गेलो. घरून काम चालू होतं, बायकोनेही वर्षभराची बिनपगारी रजा काढली. रेंज घरात नाही, कलमाच्या झाडाखाली येते, त्यामुळे माझं ऑफिस आंब्याखाली आणि पावसात आंब्याखाली छत्रीत. ते असो. पोराला म्हटलं, जा, हा सगळा डोंगर तुझा, पाटी नाही, वॉचमन नाही. पोरगं खूश. दुसऱ्या दिवशी विचारतो, "बाबा, खेळायचं कुणाशी?"

वाडीत चौदा घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट सात, त्यातली दोन भावंडं. क्रिकेटला बॉलर, बॅट्समन आणि एक फिल्डर जमला की वर्ल्डकप. दिवाळीनंतर एकदा बॉल उडाला तो थेट शेजारच्या घराच्या कौलांवर, माकडांनी फोडलेल्या कौलातून आत, कुलूपबंद माजघरात. घरमालक नालासोपाऱ्याला. गडग्यावरून पोरगं अंगणात गेलं, खिडकीच्या फटीतून त्याला बॉल दिसत होता, पिवळा, जमिनीवर. रोज शाळेतून येताना बघून यायचा. मी मालकांना फोन केला तर म्हणाले, शिमग्याला येऊ तेव्हा बघू. आता शिमग्याला पालखी दारात येते म्हणून घर उघडावंच लागतं, नाहीतर ते पुढच्या गणपतीपर्यंत उघडलं नसतं. म्हणजे मार्चमध्ये बॉल मिळाला. केर काढता काढता वहिनींना सापडला, त्यांनी पडवीतून हाक मारली, "आरं, ह्यो बॉल कुनाचा?" चार महिने! सोसायटीने तरी दुसऱ्या दिवशी दिला होता.

आता माझं म्हणणं यातच आहे. आपण विचारतो हवा कुठे चांगली, शाळा कुठे चांगली. मी म्हणतो, मूल एकटं कुठवर जाऊन येऊ शकतं आणि वाटेत दारं किती उघडी आहेत, एवढं मोजा. टॉवरमध्ये दारं चिक्कार आणि पोराला जायला मुभा नाही, वाडीत मुभाच मुभा आणि दारांना कुलपं. आणि ही कुलपं आपणच घातलीयत हो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या साधारण १७ लाखांवरून १६ लाखांच्या आसपास आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, पालघर वेगळा व्हायच्या आधी देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा. या खोलीत किती जण कोकणातले? हात वर करा. बघा! तुमच्याच घरात माझ्या पोराचा बॉल अडकला होता.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. बरं, पटापट.

शाळा. वाडीतली शाळा वाईट नव्हती, गुरुजींना सातही पोरांची घरची भाजी माहीत. शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंत एक किलोमीटरवर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरवर शाळा हवी असं आहे, घोडं अडतं ते पुढे, सायन्सला. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला, २०२४ ला ९९.०१ टक्के. इतकी पोरं पास होतात आणि मग कोकण रेल्वे पकडतात. १९९८ ला ती सुरू झाली तेव्हा वाटलं माणसं परत येतील. येतात, गणपतीला.

दवाखाना. पावसाळ्यात फुरसं, म्हणजे विषारी साप, निघतं, रात्री पोराला ताप आला तर रिक्षावाल्याला झोपेतून उठवायचं. इथे खाली उतरलं की केमिस्ट. यात गाव हरलं, वाद नाही.

खर्च. गावात भाजी-भाडं वाचतं, गाडीत जातं. इथून सीएसएमटी सुमारे ४८ किलोमीटर, लटकत जायचं, बाप घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं. हेही दार बंदच धरा.

म्हणून मला विचाराल तर ना टॉवर ना वाडी, तालुक्याचं गाव. देवरुखसारखं. शाळा, कॉलेज, डॉक्टर चालत, आणि शेजारी घरात. चिपळूणही म्हणालो असतो पण २०२१ च्या जुलैतला पूर आठवतो. आम्ही स्वतः मात्र गेलो नाही, परत इथेच आलो, बायकोची नोकरी. फक्त टॉवर सोडला, जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी दिवसभर दार उघडं टाकून टीव्ही बघतात. पोराचा बॉल त्यांच्याकडे जातो. परवा त्यांनी तो रागाने पिंपातच टाकला.

हो हो, संपवतो. त्या अर्जाची झेरॉक्स आणलीय, कुणाला नमुना म्हणून हवी असेल तर चहाच्या टेबलापाशी या.