आजीच्या फोनवरचा पुरावा

नमस्कार मंडळी. मुलाला शाळेत लागणाऱ्या मदतीची तपासणी कौन्सिलनं नाकारली तर काय करायचं, हे आजचं बोलणं. ते इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आईबाबांसाठी आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या श्रोत्यांनी रागावू नये, तुमच्याकडचे कायदे वेगळे आहेत.

एका शनिवारी सकाळी आमच्या दारात कौन्सिलचं पाकीट पडलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला शाळेत नेमकी कुठली मदत लागेल हे तज्ज्ञांकडून तपासून घ्या, असा अर्ज आम्ही केला होता. इथे त्याला ईएचसी, म्हणजे एज्युकेशन, हेल्थ अँड केअर, नीड्स असेसमेंट म्हणतात. अर्जाचं उत्तर कौन्सिलनं सहा आठवड्यांत द्यायचं असतं. दीड पान गोड इंग्रजी होतं आणि अर्थ एवढाच, की नाही. का, तर घरी दुसरी भाषा बोलतात, इंग्रजी रुळायला वेळ लागेल, शाळा तिच्या परीनं करतेच आहे.

नवरा म्हणाला, "असेल बाई, त्यांना जास्त कळतं." मलाही तेच वाटलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या म्हणजे म्हणाल्या, याच वळणात आपण वाढलो. त्यात व्हिसाची धाकधूक. जाता जाता सांगते, व्हिसावर 'पब्लिक फंड्स' घेऊ नका असं लिहिलेलं असतं, त्यात ठरावीक भत्ते आणि घरासाठीची मदत येते. मुलाचं शाळेचं शिक्षण आणि ही तपासणी त्यात येत नाही. या एका भीतीपायी गप्प बसलेली तीन घरं मला माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सांगलीहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला म्हणाली, "राजा, तुझी लाल गाडी आण आणि बाबाला हाक मार." तो उठला, खोलीच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. माझ्याकडे बघत. गाडी समोरच्या खुर्चीखाली होती. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, मी तर मराठीत सांगितलं. मग त्या पत्रात इंग्रजीचं काय घेऊन बसलेत?"

सातवी शिकलेली माझी आई. कौन्सिलच्या दीड पानाला तिनं एका वाक्यात उत्तर दिलं.

कायद्यात काय आहे बघा. 2014 चा चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट. त्याचं कलम 20 सांगतं, की घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, निव्वळ एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं धरायचं नाही. तरतूद आपल्या मुलांच्या भल्याचीच. पण व्यवहारात तिला उलटं नेसवतात. घरी मराठी आहे ना, मग अडचण भाषेचीच, दुसरी नाही! असं कायदा कुठेही म्हणत नाही.

दुसरं कलम 36. तपासणी करायची की नाही हे ठरवताना प्रश्न दोनच. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतील का? आणि त्यासाठीची मदत ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाला कुठली मदत द्यायची हे कायद्यानं बांधून देणारा कौन्सिलचा आराखडा, करून द्यावी लागू शकेल का? आपण मराठीत या 'शकेल'ला काडीची किंमत देत नाही. "जमलं तर येऊ शकेन" म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी कुणी पोळ्या जास्तीच्या लाटत नाही. इथे मात्र सगळा भार त्याच शब्दावर आहे. गरज सिद्ध करायची ती तपासणीत. अर्जाच्या वेळी शक्यता दाखवली की पुरे. दोन वर्षं मागे असायला हवा, शाळेनं अमुक इतके पैसे आधी खर्च केलेले असायला हवेत, असे स्थानिक नियम पत्रात भेटतील. ते या दोन प्रश्नांची जागा घेऊ शकत नाहीत.

आता अपील. ते सेंड ट्रायब्युनलकडे, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे करायचं. ते शाळेविरुद्ध नसतं, कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध असतं, त्यामुळे सेन्को बाईंशी, म्हणजे शाळेत विशेष गरजांचं काम बघणाऱ्या शिक्षिकेशी, वाकडं येण्याचं कारण नाही. उलट त्यांच्याकडूनच कागद मागा. फी नाही, वकील लागत नाही. पहिली पायरी म्हणजे मेडिएशन सल्लागाराला फोन, नंबर त्या पत्रातच असतो. मेडिएशन म्हणजे मध्यस्थ घेऊन कौन्सिलशी बोलणी, ते करायलाच हवं असं नाही. "नको" म्हणालात तर तीन कामकाजी दिवसांत सर्टिफिकेट मिळतं, आणि ते अपिलाला जोडावं लागतं. मुदत पत्राच्या तारखेपासून दोन महिने, किंवा सर्टिफिकेटच्या तारखेपासून एक महिना, यातली जी नंतर येईल ती. पत्राच्या तारखेपासून बरं का, पत्र हाती पडल्यापासून नाही! फॉर्म एसईएनडी 35 ए. अशा अपिलांचा निकाल बहुतेक वेळा कागदांवरच लागतो. सुनावणी हवी असेल तर मागता येते, दुभाषाही मागता येतो.

सेंड ट्रायब्युनलनं निकाल दिलेल्या अपिलांमध्ये गेली काही वर्षं शंभरातली नव्वदहून जास्त पालकांच्या बाजूनं लागली आहेत. सगळ्या प्रकारची अपिलं धरून हा आकडा आहे, अंशतः मान्य झालेलीही त्यात आली. तरी पत्र वाचून हातपाय गाळण्याआधी तो आठवावा.

आणि पुरावा? शाळेचे रिपोर्ट, स्पीच थेरपिस्टची टिपणं हे सगळे जोडतातच. आम्ही आणखी एक जोडलं. दोन आठवडे मी एक वही ठेवली. तारीख, मराठीत काय सांगितलं, त्यानं काय केलं. "चपला काढ, डबा ओट्यावर ठेव, हात धू." चपला काढल्या, डबा हातात धरून उभा. "आजोबांना काय म्हणायचं होतं?" उत्तर नाही. शेजारी इंग्रजी अर्थ. त्याच वयाच्या भाच्याला तेच मराठीत सांगितल्यावर काय झालं, तेही लिहिलं. भाषा हेच कारण असतं तर घरी, मराठीत, गाडी अडली नसती. ही गोष्ट शाळेला दिसणं शक्यच नव्हतं. ती दिसते फक्त आपल्या स्वयंपाकघरात.

फॉर्म भरताना अडलात तर प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत सेंडिआस नावाची मोफत सल्लासेवा असते. विशेष शैक्षणिक गरजांच्या कायद्यावर पालकांना सल्ला देणाऱ्या इप्सिया या संस्थेचे पत्रांचे नमुनेही फुकट मिळतात.

ट्रायब्युनलनं तपासणीचा हुकूम दिला तर दोन आठवड्यांत ती सुरू करत असल्याचं कौन्सिलनं कळवायचं असतं. आमचं प्रकरण तिथवर गेलंच नाही. आमच्या अपिलाला उत्तर द्यायच्या मुदतीआधीच कौन्सिलनं विरोध नसल्याचं लिहून टाकलं. अशी माघारही बऱ्याचदा घेतली जाते.

मग शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बाई आल्या. कोट खुर्चीवर टाकला, फाईल उघडली आणि विचारलं, याच्याशी घरी कुठल्या भाषेत बोलता? मी म्हटलं, मराठीत. "मग दोन्ही भाषांत बघू," त्या म्हणाल्या, आणि मला शेजारी बसवून घेतलं.