घरी जायचंय

त्या वॉर्डचे दार बेल वाजवल्याशिवाय उघडत नाही. आत पलंगाच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ बसले आहेत. उशीचा अभ्रा काढून त्यात त्यांनी चष्म्याची डबी, कंगवा आणि टॉवेल भरला आहे आणि वर घट्ट गाठ मारली आहे. मुलगी आत येताच ते उठून म्हणतात, “चल, घरी जायचंय.”

त्यांना स्मृतिभ्रंश आहे आणि इथे त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध दाखल केले आहे. रात्री-अपरात्री रस्त्यावर निघून जाणे, अन्नपाणी नाकारणे, घरच्या माणसाला चोर समजून त्याच्या अंगावर धावून जाणे, अशा जिवावर बेतणाऱ्या प्रसंगांनंतर, दुसरा मार्ग उरला नाही म्हणून हा निर्णय घेतला जातो. कायदे देशोदेशी वेगळे असले, तरी स्मृतिभ्रंश आहे एवढ्याच कारणाने कोणाला कोंडून ठेवता येत नाही, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात नोंदलेले आहे. म्हणून नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारावे की हा आदेश कोणत्या कलमाखाली निघाला, त्याची मुदत किती, फेरविचार कधी होणार आणि दाद कुठे मागायची. उत्तरे लेखी मागावीत. तसे मागण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

हा प्रसंग जुना आहे. नोव्हेंबर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर या 51 वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले, कारण तिचा संशय, विस्मरण आणि अस्वस्थता यांपुढे तिच्या नवऱ्याचे काही चालेना. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला तिचे नाव विचारले आणि मग नवऱ्याचेही. दोन्ही वेळा ती स्वतःचेच नाव सांगत राहिली. “मी स्वतःलाच हरवून बसले आहे,” हे तिचे उद्गार नोंदले गेले आहेत. 1906 मध्ये त्याच रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. पुढे त्या आजाराला नाव मिळाले ते डॉक्टरांचे.

रुग्णाला स्वतःविषयी जे सांगता येत नाही, ते वॉर्डमध्ये सांगणे हे नातेवाइकाचे सर्वांत मोठे काम आहे. काल-परवापर्यंत बरे चाललेले माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिथरले, भलतेच बोलू लागले किंवा गुंगीत गेले, तर आजार वाढला असे धरून चालू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे, नवे औषध, सांगता न आलेले दुखणे, यांपैकी कशानेही ही भ्रमावस्था येते. डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात आणि मूळ कारणावर उपचार झाले की ती बहुतेक वेळा ओसरते. पण बदल अचानक झाला, हे त्या माणसाला रोज पाहणाराच सांगू शकतो. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दलही आग्रहाने विचारावे. मनोविकारविरोधी औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये दिला होता, आणि लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर ही औषधे फारच जपून द्यावी लागतात.

या मुलीने पलंगाच्या डोक्याशी एक कागद चिकटवला आहे. ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला. चष्मा नसला की घाबरतात. पोटावर हात दाबून धरला तर दुखते आहे असे समजा. मागून येऊन हात धरू नका.’ रात्रपाळीच्या परिचारिकेने खाली पेनने एक ओळ वाढवली आहे: ‘दिवा पूर्ण मालवू नये.’

दाखल करताना सही करणाऱ्याच्या मनात ती सही फार काळ सलत राहते. विश्वासघात केल्यासारखे वाटते, आणि घरी निवांत झोप लागली याचीही लाज वाटते. या माणसांशी कोणी फारसे बोलत नाही, बोलायला हवे.

“घरी जायचंय,” वडील पुन्हा म्हणतात. आपले घर विकले गेले, आता हेच घर, असले काही ती सांगत नाही. खोटे वचनही देत नाही. शेजारी बसून ती विचारते, “बाबा, घरी गेल्यावर आधी काय करणार?”

ते बराच वेळ विचार करतात. मग अभ्र्याची गाठ सोडतात, कंगवा काढतात आणि तिच्या हातात देतात. ती डाव्या बाजूला सरकते आणि त्यांचे केस विंचरू लागते.