स्टॅम्पपेपरवरची फारकत

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला कागद त्यांनी काढला. शंभराचा स्टॅम्पपेपर, नवराबायकोच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, खाली नोटरीचा लाल शिक्का. "मॅडम, तीन वर्षं झाली फारकतीला. आता दुसरीकडे जमलंय, एवढं बघून द्या."

कागद नीटनेटका होता, पण कायद्याने त्या अजून त्याच नवऱ्याच्या बायको होत्या.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो. मात्र ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. अशा कागदावर दुसरं लग्न लावलं तर ते अवैध ठरतं, शिवाय सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते लग्नच रद्द करता येईल का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. विवाह रद्द करणं म्हणजे झटपट घटस्फोट नव्हे. लग्नाच्या वेळीच दोष असावा लागतो: पहिली बायको हयात आहे, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, असं काही. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि कळल्यावर राजीखुशीने एकत्र राहिलेलं चालत नाही. लग्न रद्द झालं तरी मुलं औरसच राहतात, हे आजीआजोबांनी विशेष ऐकून ठेवावं. या बाईंच्या लग्नात तसलं काहीच नव्हतं. पटलं नव्हतं, इतकंच.

तेव्हा रस्ता एकच, परस्पर संमतीचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं की दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबायचं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते. मात्र पोटगी, मुलांचा ताबा, देणंघेणं सगळं मिटलेलं हवं. आणि हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

मिटवायला कोर्टाने मध्यस्थाकडे पाठवलं. मध्यस्थ निकाल देत नाही, आणि त्या खोलीतलं बोलणं पुरावा म्हणून बाहेर येत नाही, त्यामुळे माणसं मोकळी बोलतात. पैशांचं अर्ध्या तासात जमलं. अडलं कशावर, तर एका पितळी घंगाळावर. "ते माझ्या आईने दिलंय," बाई म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "मी रोज त्यातच पाणी तापवते." दोन तारखा त्यात गेल्या. माझे सहकारी वैतागले. मला मात्र ते भांडण खरं वाटलं. शेवटी अटींच्या कागदावर एक ओळ चढली: पितळी घंगाळ, नग एक, अर्जदार पत्नीस.

तुमच्याकडे असा कागद असेल तर लग्नपत्रिका छापण्याआधी तो वकिलाला दाखवा. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हुकूमाची नक्कल हातात आली त्या दिवशी बाई रिक्षा घेऊनच आल्या होत्या. मागच्या सीटवर घंगाळ होतं, चिंचेने घासून लख्ख केलेलं. सासूबाईंनी घासून पाठवलं होतं म्हणे.