ओला कचरा सोसायटीतच जिरू दे

नमस्कार श्रोतेहो!

कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात तुमच्यापैकी अनेक जण फिरायला जात असाल. तिथे पूर्वी डम्पिंग ग्राउंड होतं. ठाण्याचा कचरा तर वर्षानुवर्षं जवळच्या दिवा गावात गेला आणि त्याचा धूर, त्याची दुर्गंधी तिथल्या लोकांनी सोसली. घंटागाडी वळणाआड गेली की आपल्या लेखी कचरा संपतो. पण तो कुणाच्या तरी दारात जातोच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्या घरातला बराचसा कचरा ओला असतो. तो डम्पिंगवर ढिगाखाली दबतो, हवा न मिळता कुजतो, त्यातून मिथेन निघतो. हा वायू पेट घेतो, म्हणून तिथल्या आगी लवकर विझत नाहीत. तोच कचरा सोसायटीच्या आवारात हवेशीर राहिला, तर दोनेक महिन्यांत त्याचं खत होतं.

“पण वास येईल ना!” हा आक्षेप प्रत्येक सोसायटीत निघतो. वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. त्यावर उपाय आपल्याच अंगणात पडलेला असतो: पालापाचोळा. भाजीचे देठ, सालं, उरलेला भात यांच्या प्रत्येक थरावर साधारण तितकाच वाळका पाला पसरा आणि ढीग दर तीन-चार दिवसांनी खालीवर करा. पावसाळ्यात वर छप्पर हवंच, आणि तेव्हा वाळका पाला सहज मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात झाडून काढलेला पाला जाळू नका. पोती भरून ठेवा, जुलैत तो सोन्यासारखा उपयोगी पडेल. गणपतीतलं निर्माल्यही यात घाला, फक्त हारांचे दोरे आणि प्लास्टिक आधी काढा.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. लहान सोसायट्यांनी शेजारच्या दोन-तीन इमारती मिळून खताचा एक खड्डा केला तरी पुरे.

सुका कचरा मात्र कोरडा आणि स्वच्छ द्या. दुधाची पिशवी विसळून वाळवली तर तिला भंगारात भाव येतो. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना संघटित करून त्यांना खतनिर्मितीचं प्रशिक्षण दिलं आहे. हे काम जाणणाऱ्या अशा ताईंनाच सोसायटीत बोलवा आणि त्यांना रीतसर पगार द्या. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. ते उघड्या हातांनी निवडण्याची वेळ कुणावरही येता कामा नये.

सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा, आणि खड्ड्यासाठी कोपऱ्यातली जागा त्याच सभेत ठरवून घ्या.

नमस्कार.