शाखाच की ती!

श्रोतेहो, नमस्कार.

परवा कोल्हापुरात, राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी एक मुलगी होती, नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि सोबत तिचे वडील. मुंबई विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरणं चाललं होतं. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, कॅम्पस कुठला टाकू?" वडील म्हणाले, "मुंबई." मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, रत्नागिरी ठरलंय न्हवं?" वडिलांचा चेहरा पडला. "म्हंजे मेन न्हवं? शाखाच की ती!"

तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी, गप्प कसला बसतोय. म्हटलं, "पाहुणं, बँकेच्या शाखेत ठेवलेला पैसा हेड ऑफिसपेक्षा कमी भरतो का?" ते हसले. पटलं मात्र नाही.

म्हणून आज उपपरिसराबद्दल बोलतो. उपपरिसर म्हणजे विद्यापीठाचंच अंगण, दुसऱ्या गावात. संलग्न कॉलेज वेगळं, ते एखाद्या संस्थेचं असतं. उपपरिसरातले विभाग विद्यापीठ स्वतः चालवतं आणि पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं येतं. मुंबईचा उपपरिसर रत्नागिरीत आहे, तसा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा लातुरात आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा धाराशिवला. आणि नाक मुरडायचंच झालं, तर ते आपण कोल्हापूरकरांनी तरी मुरडू नये. शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ साली. त्याआधी आपली कॉलेजं पुण्याकडे तोंड करून बसलेली होती. सोलापूरचं केगावचं केंद्र हे आपल्याच विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र. २००४ साली त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. शाखा म्हणणाऱ्यांनी एकदा केगावला जाऊन यावं.

पण डोळे झाकून अर्ज करा, असंही मी म्हणणार नाही. माहितीपत्रकातले फोटो बघून कुणी भुलू नये. आधी विभागात फोन लावा आणि सरळ विचारा, कायमचे प्राध्यापक किती आणि तासावरचे किती? जमलं तर एकदा जाऊनच या. सकाळची एसटी पकडायची, मलकापूर गेलं, आंबा घाट उतरला की रत्नागिरी काही लांब नाही. गेल्यावर प्रयोगशाळेत डोकवा. यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर बोटभर धूळ दिसली, तर काय ते समजून घ्या. बाहेर बसलेल्या पोरांशी चहा प्या. ती खरं सांगतात, साहेबलोक सांगत नाहीत ते.

वर्गात पोरं मोजकी असली तर सर नावानं हाक मारतात, यंत्राला हात लावायला मिळतो, प्रोजेक्टसाठी रांग नसते. उलट बाजूही आहे. कंपन्या मुख्य परिसरात आधी जातात. ग्रंथालय लहान असतं. आणि वसतिगृह! तिथं जागा किती, मुलींना किती, मेस आहे का, हे अर्जाआधी विचारायचं. १९०१ साली शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं, मागोमाग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर पेठेत आलं तर निजणार कुठं आणि जेवणार काय, हे महाराजांनी आधी बघितलं. आपण मात्र प्रवेश झाल्यावर खोली शोधत फिरतो.

आता कागद. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आपण त्याला मायग्रेशन म्हणतो. ते काढायला शेवटच्या दिवशी विद्यानगरला, शिवाजी विद्यापीठात पळू नका. निकाल लागला की अर्ज टाकून मोकळं व्हा. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, गेल्या वर्षीचं चालेल असं धरून बसू नका. गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानंही वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मूळ कागद कुणाच्याही हातात देण्याआधी झेरॉक्सचे तीन संच काढून ठेवा. आणि पडताळणीची तारीख जुलैत आली तर आदल्या दिवशीच निघा. पावसाळ्यात घाटाचा भरवसा कुणी द्यावा?

त्या दुकानात पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. वडिलांनी शेवटचा दगड टाकून बघितला. "आन् घाट बंद पडला तर?" मुलगी म्हणाली, "हॉस्टेलवर ऱ्हाईन की पप्पा. मुंबईस्नं तरी मी कुठं रोज येनार हुते?"

वडील गप्प. पोरानं माऊसवर बोट ठेवलं. "काका, सबमिट करू?"

"थांब रं," म्हणत त्यांनी खिशातला चष्मा काढला, स्क्रीनजवळ वाकले आणि कॅम्पसच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं अजून मुंबईच होतं. "हे बदल आधी. रत्नागिरीचा कोड टाक."

नमस्कार.