बाळ बसतं तेव्हा हात मोकळे होतात

नमस्कार श्रोतेहो.

पाच महिन्यांच्या बाळाला उताणं ठेवून हातात खुळखुळा द्या. तो तोंडात जातो, थोडा चोखला जातो, मग हातातून निसटून कानाशी पडतो आणि दिसेनासा होतो. पालथं घातलं, तर अंगाचा भार तोलण्यातच हात अडकतात. आता त्याच बाळाला कमरेशी धरून बसवा. खुळखुळा या हातातून त्या हातात जातो, उलटासुलटा होतो, बोटं त्याच्या कडाखाचांवरून फिरतात आणि डोळे हातांवर खिळलेले असतात. वस्तूला मागची बाजूही असते, हे बाळ असंच शिकतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधाराशिवाय बसणाऱ्या आणि वस्तू फिरवून न्याहाळणाऱ्या बाळांना वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूचा अंदाज अधिक चांगला येत होता.

मग बाळ बसतं कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी सहाव्या महिन्यात. पण हा पल्ला जवळपास चार महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. सरासरीवरून धास्तावणाऱ्यांनी हे दुसरे आकडेही वाचावेत!

इतका फरक का? बालविकासाच्या अभ्यासक लाना कॅरासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतली पाच महिन्यांची बाळं घरी जाऊन पाहिली. केनिया आणि कॅमेरूनमधल्या आया बाळाला जमिनीवर किंवा मोठ्यांच्या बाकावर बसवून हाताच्या अंतरापलीकडे कामाला लागत, आणि तिथली काही बाळं वीस मिनिटांहून जास्त वेळ एकटी बसत. अमेरिका, इटलीसारख्या देशांत बाळं बहुतेक वेळ मांडीवर किंवा पट्ट्याच्या खुर्चीत. टेकायला काहीच नसलं, की तोल बाळालाच सांभाळावा लागतो.

केनियातल्या किप्सिगिस समाजात तर बसायला मुद्दाम शिकवतात. 1970च्या दशकात संशोधक चार्ल्स सुपर यांना तिथली बाळं अमेरिकी बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसताना दिसली. रांगायला मात्र कुणी शिकवत नव्हतं, आणि त्यात ती पुढे नव्हती. म्हणजे जिथे सराव, तिथेच आघाडी. ‘त्यांची मुलं जात्याच काटक’ हे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही.

उलट टोक ताजिकिस्तानात. तिथल्या गाहवोरा नावाच्या पाळण्यात बाळाला तासन्‌तास हातपाय बांधून उताणं निजवतात. ही मुलं बसायला, चालायला उशीर लावतात, पण चार-पाच वर्षांची होईपर्यंत पळण्या-उड्या मारण्यात ती मागे राहिलेली दिसत नाहीत.