हे आपले कोण लागतात?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

नौपाड्यातली आमची इमारत आता पाडणार आहेत. जागा रिकामी करायची होती, म्हणून गेल्या महिन्यात ठाण्याला गेले आणि माझ्या वडिलांची, नानांची, एक पत्र्याची पेटी घेऊन आले. कपडे तिथेच ठेवले, पेटी आणली. पेटीत निगेटिव्ह आहेत.

परवा आमची दहा वर्षांची लेक त्यातली एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बसली होती. फोनवर फोटो सुलटे करून बघत होती. माझा पाचवा वाढदिवस, पाटावर बसलेली मी, औक्षण करणारी आजी. त्याच पट्टीवर पुढे पांढऱ्या चादरीसमोर बसलेली एक अनोळखी म्हातारी, मग केस पाण्याने चापून बसवलेली दोन पोरं. लेकीने विचारलं, "आई, हे आपले कोण लागतात?"

मी स्वयंपाकात होते. म्हटलं, "कोणी नाही गं."

त्या उत्तराने मला तेव्हापासून चैन पडू दिलेलं नाही.

नानांचा स्टुडिओ जांभळी नाक्याजवळ एका लहानशा गाळ्यात होता. पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालायचं. रोल ३६ फोटोंचा. ऑर्डर संपली की कॅमेऱ्यात पाच-सहा फोटो उरायचे. इतर फोटोग्राफर ते इकडेतिकडे उडवून रोल धुवायला टाकत. नाना मात्र तोच कॅमेरा घेऊन रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर जात. कुडाच्या भिंतीला चादर बांधायची, समोर माणूस बसवायचा. कुणाला रेशनकार्डासाठी फोटो हवा असे, कुणाला शाळेसाठी, कुणाला दाखल्यासाठी. पैसे घ्यायचे नाहीत. पुढच्या खेपेला फोटो ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. कितीतरी घरांत माणूस गेल्यावर हार घालायला तोच एक फोटो असायचा. मग कुणीतरी गाळ्यावर येऊन उभं राहायचं. नाना मोठा करून द्यायचे, तोही तसाच.

याच्यावरून घरात भांडणं झाली. फोटो धुवायच्या रसायनाला, हायपोला, पैसे लागतात, कागदाला लागतात, आईचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळ्यात मोठं भांडण झालं ते रेल्वेच्या फोटोंवरून. रुळावर बेवारस माणूस सापडला की ओळख पटवण्यासाठी फोटो लागायचा, आणि नानांना ताटावरून बोलावणं यायचं. परत आले की बाहेरच्या मोरीत अंघोळ करून मगच घरात. आई एकदा रडून म्हणाली, "माझ्या लेकरांच्या रोलवर ती माणसं नकोत." नानांनी तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळा रोल ठेवला. जाणं बंद केलं नाही. "त्याची आई कुठेतरी वाट बघत असेल," एवढंच म्हणायचे.

छायाचित्रकार सुनील जाना यांचं नाव नाना फार आदराने घेत. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचे जानांचे फोटो देशभर पोचले. नानांचे फोटो जेमतेम त्या त्या घराच्या भिंतीपर्यंत गेले. मला दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात.

२६ जुलै २००५ तुम्हा सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि ठाण्यातही सखल भागातल्या घरांत पाणी. पुढे कितीतरी दिवस लोक लगदा झालेले अल्बम घेऊन गाळ्यावर येत होते. ज्यांच्या निगेटिव्ह नानांकडे होत्या, त्यांना त्यांनी लग्नाचे फोटो पुन्हा छापून दिले. कागदाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

आता आपल्याविषयी बोलते, रागावू नका. गणपतीनंतर आपल्या ग्रुपवर शेकडो फोटो आले. मी सगळे पाहिले. पहाटेपासून बटाटे सोलणाऱ्या बायका त्यांत नाहीत. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले, मागच्या रांगेत बसलेले कुणाचे आईवडील नाहीत. बटाट्याची भाजी आपण सगळ्यांनी खाल्ली. फोटो मात्र आपण आपलेच काढले, मीही.

पेटी उघडली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. जुनी फिल्म विघटित होऊ लागली की असा वास सुटतो. तिला कोरड्या, थंड जागी ठेवलं तर ते विघटन मंदावतं, थांबत नाही. रोज रात्री मी दोन-तीन पट्ट्या स्कॅन करते, लेक पाकिटांवरची नानांची पेन्सिलीतली अक्षरं वाचून दाखवते. मोडी वाचावी तशी अडखळत वाचते, पण वाचते.

चादरीसमोरच्या त्या म्हातारीचा फोटो आम्ही छापून घेतला आहे. डिसेंबरात येऊरला घेऊन जाणार. पाकिटावर तिचं नाव नाही. नानांनी फक्त लिहिलंय, "विहिरीजवळची आजी, दोन प्रती." एक प्रत त्यांनी तेव्हा दिली असेल का, दुसरी कुणासाठी होती, आणि ती विहीर तरी आता असेल का?